पुनर्वसनाचा शिक्का उठला, पण झोन शेतीचाच आहे. आता प्लॉटिंग करता येतं का?

शिरूरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, लांबलंय जरा ते सांभाळून घ्या.

आमची वडिलोपार्जित जमीन शिरूर तालुक्यात आहे, नगर रोडपासून आत, दोन एकर चौदा गुंठे एकाच गटात. चासकमानच्या लाभक्षेत्रात येते म्हणून सातबाऱ्यावर इतर हक्कात पुनर्वसनाचा शिक्का होता, मला कळायला लागल्यापासून घरात त्या शिक्क्याला शिव्याच ऐकल्यात. आजोबा असताना वाटप करायचं म्हणून गेले तर परवानगी आणा, मोठ्या आत्याच्या लग्नाला तुकडा विकायला काढला तर परवानगी आणा, शेवटी कर्ज काढून लग्न झालं. आता मागच्या वर्षी फेरफार होऊन तो शेरा कमी झाला.

शेरा निघाल्याचं गावात कळलं आणि महिन्याभरात एजंट दारात. त्याचं म्हणणं, आता जमीन मोकळी झाली, एनए (बिगरशेती परवानगी) पण सरकारने बंद केलं, तुकडेबंदी (ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे करायला मनाई) पण गेली, त्यामुळे अकरा-अकरा गुंठ्याचे सात प्लॉट पाडू, मधून २० फुटी रस्ता, तुम्ही फक्त सह्या द्या बाकी सगळं मी बघतो. रेट ऐकून माझ्या चुलतभावाचे डोळे फिरलेत, तो म्हणतो झोन बिन सगळं आता नावाला राहिलंय, कोण बघतंय.

मी चिंचवडला कंपनीत आहे, मला शेतीतलं फार कळत नाही. शेती तात्या (चुलते) करतात, कांदा आणि थोडा ऊस, विहिरीत आमची निम्मी पाळी आहे. तात्या काही बोलत नाहीत, नुसते ऐकून उठून जातात. रीजनल प्लॅनमध्ये आमचा गट शेती विभागात म्हणजे ग्रीन झोनमध्ये आहे एवढं मी ऑनलाइन बघितलं. तर प्रश्न असा की शिक्का गेला म्हणजे झोन पण गेला का? आणि एनए खरंच लागत नाही का आता?

नादखुळा_नगररोड

भावा एवढा विचार कशाला करतोयस 😄 शिक्रापूर सणसवाडी कोरेगाव भीमा बघ जाऊन, सगळं ग्रीन झोनच होतं, आज इमारती उभ्या आहेत. आज रेट आहे तोवर देऊन टाक, उद्या रिंगरोडमध्ये नाहीतर कसल्या आरक्षणात गेली की बसशील बोंबलत. कांद्यात काय ठेवलंय.

जुना_कारकून

वरच्यांचं वाचून हसू आलं आणि थोडा रागही. इमारती "उभ्या आहेत" आणि "कायदेशीर उभ्या आहेत" यातला फरक घर विकायला काढलं की कळतो.

शिरूरकर, मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या जमिनीला एकच कुलूप नव्हतं, चार-पाच होती, त्यातलं एक निघालंय. एजंट तुम्हाला एका किल्लीत सगळी उघडली म्हणून सांगतोय.

आधी तो शिक्का काय होता ते समजून घ्या. धरण झालं की वर ज्यांची गावं बुडतात त्यांना खाली पाणी मिळणाऱ्या गावात जमीन द्यायची, म्हणून राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला, १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. लाभक्षेत्र जाहीर झालं की तिथल्या खातेदारांनी कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री, वाटणी, रूपांतर काही करायचं नाही, कारण ठरलेल्या स्लॅबपेक्षा (धारणेच्या टप्प्यापेक्षा) ज्यांची जास्त जमीन निघेल ती धरणग्रस्तांना द्यायची असायची. म्हणजे हा शिक्का शेती वाचवायला मारलेला नव्हता हे लक्षात घ्या. पण झालं असं की त्याने शेती वाचली. ज्या गावात शिक्का नव्हता तिथे १९९५ पासूनच गुंठ्या-गुंठ्याने जमीन गेली, आणि शिक्क्याच्या गावात लोक शिव्या देत देत कांदा लावत राहिले. मी स्वतः लोकांना परवानगीसाठी हेलपाटे घालायला लावलेत, नियमच तसा होता, त्यामुळे तुमच्या आजोबांचा वैताग मला कळतो. तो शिक्का काढायची मागणी रास्तच होती, पुनर्वसन संपल्यावर तो ठेवायचं काही कारण नव्हतं.

आता झोन. झोन हा महसूलचा विषयच नाही, तो नगररचनेचा, एमआरटीपी कायदा १९६६. पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९७ ला मंजूर झाली, त्यात तुमचा गट शेती विभागात. सातबाऱ्यावरचा शेरा तलाठी फेरफाराने कमी करतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, रांग तीच), पण झोन फेरफाराने बदलत नाही. तुमच्या शिक्क्याचा आणि झोनचा एकमेकांशी काही संबंध नाही.

एनएचं. "एनए बंद झालं" हा मेसेज माझ्याकडेही रोज एकदा येतो. खरं काय आहे तर जमीन महसूल संहितेत २०१७ पासून ४२ब, ४२क, ४२ड अशी कलमं येत गेली. ज्या जमिनीला आराखड्यात आधीच रहिवास किंवा औद्योगिक वापर दाखवलाय तिथे परत कलेक्टरकडे कलम ४४ खाली एनएची फाईल कशाला, कर भरा आणि बांधकाम परवानगी घ्या, असा तो विचार. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन पण त्यात घेतली, रहिवासासाठी. या सगळ्यात मूळ गृहीत हे आहे की आराखड्यात तो वापर चालतो. तुमच्याकडे आराखडाच म्हणतो शेती. मग रद्द झालेली परवानगी तुम्हाला कशी लागू होणार? गावठाणापासून किती लांब आहात ते मात्र सांगा, त्यावर बरंच ठरतं.

शिरूरकर

काका खूप खूप धन्यवाद, एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. गावठाणापासून आम्ही दीड किलोमीटर तरी असू, मध्ये ओढा आहे. म्हणजे ते २०० मीटरवालं आम्हाला नाहीच.

पण तुकडेबंदी तर गेलीच ना? पेपरला आलं होतं की मंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं. एजंट तेच कात्रण दाखवतो, लॅमिनेशन करून ठेवलंय त्याने 😅

वकीलबाई_पुणे

लॅमिनेशन!! हे भारी आहे.

तुकडेबंदी गेलेली नाही, तिला मोठा अपवाद केलाय. मूळ कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (म्हणजे याहून लहान तुकडा करता येत नाही) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. एजंटचा "अकरा गुंठे" हा आकडा कुठून आला ते आता कळलं का? १० च्या वर एक, म्हणजे दस्त नोंदवायला अडचण नाही, बस्स. अकरा गुंठ्याचा दस्त नोंदला गेला म्हणजे तिथे घर बांधता येतं असं अजिबात नाही, खरेदीखताच्या कागदावर शेतजमीन म्हणूनच लिहिलेलं असतं ते वाचायला सांगा त्याला.

आधी काय व्हायचं की एक-दोन गुंठ्याचे दस्त व्हायचे, मग १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून ते थांबवले, ते परिपत्रक ५ मे २०२२ ला औरंगाबाद खंडपीठाने रद्द केलं, त्या मधल्या काळात माझ्याकडे आलेल्या पक्षकारांचे हाल मी बघितलेत. झालेले तुकडे नियमित करायचे तर २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्के भरायचे होते, ते कुणी भरेना, मग ५ टक्के केले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधले व्यवहार फुकट नियमित करायचं ठरलं. पण कुठले? महापालिका, नगरपालिका, प्राधिकरणांच्या हद्दीतले वगैरे, आणि आराखड्यात जी जमीन रहिवास, व्यापार, उद्योग अशा बिगरशेती वापराला दाखवली आहे ती. आणि तारीख बघा, झालेले व्यवहार. तुम्ही उद्या शेती विभागात नवीन सात तुकडे पाडणार त्याला हे कुठून लागू होणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "तुम्ही फक्त सह्या द्या बाकी मी बघतो" याचा कायद्यातला अर्थ कुलमुखत्यारपत्र. तो तुमच्याकडून साठेखत किंवा विकसन करारनामा आणि सोबत मुखत्यारपत्र घेणार, टोकन म्हणून काहीतरी देणार, आणि प्लॉट विकणार तुमच्या नावाने. उद्या घेणाऱ्याला बांधकाम परवानगी मिळाली नाही की नोटीस येणार ती तात्यांच्या नावावर, एजंटच्या नाही, त्याचं तर सातबाऱ्यावर कधी नावच लागणार नाही. त्याने काही मसुदा दिलाय का? दिला असेल तर सही करायच्या आधी कुणालातरी दाखवा, माझ्याकडेच या असं म्हणत नाही.

आणि आत्या किती? त्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत का?

फसलेला_गुंठा

मी त्या एजंटच्या पलीकडच्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितो, म्हणजे प्लॉट घेणारा.

मी २०१९ ला घेतला, तालुका सांगत नाही. ब्रोशरवर "कलेक्टर एनए प्रस्तावित" लिहिलं होतं. प्रस्तावित या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही, बायकोचं गेलं होतं पण मी म्हटलं तसंच असतं सुरुवातीला. पैसे दिल्यावर कळलं की बँक लोन देत नाही कारण मंजूर लेआउट नाही. मग सोनं मोडून आणि पीएफ काढून बांधलं दोन खोल्यांचं. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) घर लागलं, लाईटचं मीटर पण आलं, मला वाटलं झालं कायदेशीर. आता प्राधिकरणाची अनधिकृत बांधकामाची नोटीस आली आहे. पाणी टँकरचं, पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर चिखल कारण तो २० फुटी रस्ता कागदावर कुणाच्याच नावावर नाही, मूळ शेतकऱ्याच्याच नावावर आहे आणि त्याची पोरं आता तिथे ट्रॅक्टर लावतात आणि म्हणतात आमची जागा आहे. आणि ते खोटं बोलत नाहीत हेच तर दुःख आहे.

तेव्हा शिरूरकर, तुमचे प्लॉट जे घेतील ते माझ्यासारखेच कुणीतरी असतील, कंपनीतले.

कांदा_उत्पादक

मी शेतकरी माणूस आहे, मोबाईलवर टाईप करतोय चुकलं तर समजून घ्या

सगळे कायद्याचं सांगतायत ते बरोबरच आहे पण जे उरतात त्यांचं काय होतं ते मी सांगतो. आमच्या शेजारचा गट २०१६-१७ ला गेला प्लॉटिंगला. पहिलं काय केलं त्यांनी तर मुरूम टाकून सगळं लेव्हल केलं, त्यात आमच्या बांधाकडून जाणारा चर बुजला, तो काही सातबाऱ्यावर नव्हता पण पाणी वर्षानुवर्षं तिथूनच ओढ्याला जायचं. पहिल्याच मोठ्या पावसात माझ्या दोन एकर कांद्याच्या रोपात पाणी थांबलं, पीळ पडला, रोप गेलं सगळं. तक्रार कुणाकडे करणार, प्लॉटवाले पंचवीस जण, त्यातले वीस जण पुण्या-मुंबईला, बांधावर कोणी भेटतच नाही.

मग कंपाउंड झाले. ऊसतोडीची गाडी वळायला जागा राहिली नाही, आता मुकादम म्हणतो डोक्यावर मोळ्या वाहून रोडला आणायच्या तर जास्त पैसे. मग बोअर. एकेका प्लॉटमध्ये एकेक बोअर, सातशे आठशे फूट, विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळाला जातं आमच्या. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) एकच, तिच्यावर ह्यांचे एसी पण आणि आमच्या मोटरी पण, जळाली की वर्गणी आम्हीच काढायची. आणि फवारणी केली की फोन येतो वास येतो म्हणून 🙏 अरे बाबा तू शेतात घर बांधलंस

पण मी तुमच्या भावाला पण नावं ठेवणार नाही. डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली तेव्हा माझा कांदा किती रुपयाने गेला ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटते. मे २०२४ ला उठवली बंदी तोवर काय राहिलंय. शेतकऱ्याने जमीन धरून ठेवावी म्हणणारे लोक कांदा चाळीस रुपये झाला की ओरडतात. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तात्या उठून का जातात ते मला कळतं. निम्मी पाळी असलेली विहीर असेल ना तर प्लॉट पडल्यावर ती कुणाची हे आधी विचारा एजंटला. बघा काय उत्तर देतो.

नकाशावाला

नगररचनेत काम करतो (खासगीत, आर्किटेक्टांकडे फाईली करतो), थोडी भर घालतो.

ऑनलाइन बघितलेल्या झोनवर जाऊ नका, रंगीत नकाशे कुणीही टाकतं. रीतसर झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, गट नंबरनिहाय. तुमचं गाव पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) येतं का तेही बघा, शिरूरची काही गावं येतात. इथे मोठा घोळ झालाय: पीएमआरडीएने २०२१ ला प्रारूप विकास आराखडा जाहीर केला, त्यावर हजारोंनी हरकती गेल्या, कोर्टात गेलं, आणि शेवटी सरकारने तो आराखडाच रद्द केला. त्या प्रारूपात काही गट रहिवासी दाखवले होते आणि त्या भरवशावर लोकांनी रहिवासीच्या भावाने खरेद्या केल्या. आराखडा गेला, गट परत १९९७ च्या योजनेप्रमाणे शेतीत. तुमचा एजंट "नवीन डीपीत यलो होणारच आहे" (म्हणजे नव्या विकास आराखड्यात रहिवासी) असं म्हणाला नसेल तर आश्चर्य आहे, सगळे म्हणतात. होईलही, पण ते त्याच्या हातात नाही.

झोन कायदेशीर बदलायचा असेल तर एमआरटीपीचं कलम २०, प्रादेशिक योजनेत फेरबदल. सरकारकडे प्रस्ताव, नोटीस, लोकांच्या हरकती सूचना, सुनावणी, मग शासन निर्णय, आणि प्रीमियम. दोन एकरासाठी एकट्या माणसाने हे करून हाती काही लागलेलं मी बघितलं नाही. मोठे लोक शंभर एकर जमवून करतात तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागलो तर माझी फाईल अडकेल 😀

आता शेती विभागात काहीच करता येत नाही असं पण नाही. डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर म्हणजे एकत्रित नियमावली लागू आहे, त्यात शेती विभागात फार्महाऊस चालतं पण किमान ०.४० हेक्टरला, म्हणजे साधारण एकराला एक. शिवाय पेट्रोल पंप, शाळा, दवाखाना, मंगल कार्यालय, कृषी पर्यटन असले वापर अटी-शर्तीवर चालतात, पोचरस्ता पाहिजे. (खरं सांगायचं तर ही यादी एवढी वाढत गेलीय की शेती विभागात शेती सोडून काय चालत नाही असा प्रश्न पडावा. पण रहिवासी प्लॉट पाडून विकणं त्यात नाही.) तुमच्या ९४ गुंठ्यात फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे म्हटले तर दोन बसतील. सात नाही.

महारेरा नंबर (प्लॉट-फ्लॅट प्रकल्पाची सरकारी नोंदणी) घेणार का असं एजंटला सहज विचारा. मजा येते.

नादखुळा_नगररोड

अरे मी काय म्हणालो तर सगळे अंगावर आले 😂 मी पण बांधकाम साहित्याचा धंदा करतो, रोज बघतो, लोक बांधतात राहतात, दहा वर्षांनी सरकार नियमित करतं. गुंठेवारीचं (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटचं) झालंच ना? २००१ चा कायदा, मग २०२१ ला तारीख वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे घेतले. तुम्ही कायदा धरून बसा, पुढचे निघून जातात. हे कडू आहे पण आहे.

वकीलबाई_पुणे

@नादखुळा तुमचा मुद्दा अगदीच खोटा नाही हो, तीच तर पंचाईत आहे. दर काही वर्षांनी माफी जाहीर होते म्हणूनच लोक धाडस करतात. पण त्या गुंठेवारीत ज्यांनी प्रशमन शुल्क (नियमित करून घ्यायचा दंड), विकास शुल्क भरलं ते कोण होते? शेवटचा घेणारा. एजंट तोवर तिसऱ्या गावात. आणि ज्यांचं नियमित झालं नाही, म्हणजे आरक्षणात किंवा पूररेषेत निघालं, ते अजून कोर्टाच्या तारखांना येतात, ते तुमच्या दुकानात सिमेंट घ्यायला येत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

आकडेमोड

छोटासा मुद्दा, कोणी लिहिला नाही म्हणून. रेट ऐकून डोळे फिरले म्हणताय तर टॅक्सचं पण बघा. ग्रामीण शेतजमीन शेतजमीन म्हणून विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, पण ग्रामीण कशाला म्हणायचं तर जवळच्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे हद्दीपासून २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या बाहेर, सरळ रेषेत मोजून. आणि प्लॉट पाडून रस्ता करून विकायला लागलात की खातं म्हणू शकतं हा धंदा आहे, धंद्याचं उत्पन्न दाखवा. एजंट ज्या रेटचं बोलतो त्यातला किती रोखीत आहे? रोखीचं असेल तर माझ्याकडून नमस्कार.

शिरूरकर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस हे सगळं चुलतभावाला वाचून दाखवलं, फसलेला गुंठा यांचं वाचून तो जरा गप्प झाला.

मसुदा दिला होता त्याने. वकीलबाई म्हणाल्या तसंच आहे, "समजुतीचा करार" असं वर लिहिलंय आणि आत तिसऱ्या पानावर कुलमुखत्यारपत्र, "रद्द न करता येणारे" असं. विहिरीचं विचारलं तर म्हणाला विहीर कॉमन अॅमेनिटीमध्ये दाखवू. तात्या तेव्हा पहिल्यांदा बोलले, काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एजंटला नाही सांगितलंय. पण चुलतभावाला पैशाची खरीच गरज आहे, त्याच्या मुलीच्या ॲडमिशनचं आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं की निदान वाटप तरी करा, मी माझ्या हिश्शाचं शेतकऱ्यालाच शेती म्हणून विकेन. आता शिक्का नाही तर वाटप होऊ शकतं ना? तीन भाऊ होते म्हणजे तीन हिस्से, माझे वडील, तात्या, आणि मधले काका (चुलतभाऊ त्यांचा). आत्या दोन आहेत, नावं सातबाऱ्याला आजोबांच्या वारसनोंदीत लागलेली आहेत. मोठी आत्या म्हणते मला नको काही, धाकटी काही बोलत नाही.

जुना_कारकून

वाटप होतं. सगळ्यांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र, शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपये आहे आणि २०२५ ला नोंदणी फीसुद्धा माफ करायचं ठरलंय. आधी मोजणी करून घ्या म्हणजे नंतर बांधावरून भांडणं नाहीत.

पण हिशेब नीट करा. तीन हिस्से केले तर ९४ गुंठ्याचे ३१-३१ येतात, काही प्रश्न नाही. मोठ्या आत्या हक्कसोड देतील म्हणताय ती नोंदवून घ्या, तोंडी नको. आणि धाकट्या आत्या "काही बोलत नाही" म्हणजे नको असं धरू नका, त्यांच्यासमोर बसून विचारा, नुसतं सहीला बोलावू नका. दोघींनी हिस्सा घेतला तर पाच वाटे होतील, पावणेएकोणीस-एकोणीस गुंठे. इथे अडकेल. जमीन जिरायत धरली तर २० च्या खाली, म्हणजे प्रत्येक वाटा तुकडा. बागायत धरली तर १० च्या वर, चालतं. तेव्हा सातबाऱ्यावर जमीन काय लागली आहे, ऊस आणि कांदा पीकपाहणीला येतोय का, सिंचनाचं साधन म्हणून विहीर लागली आहे का, हे आज रात्री ऑनलाइन उतारा काढून बघा.

शिरूरकर

काका आत्ताच काढला उतारा. क्षेत्र जिरायत दाखवतंय. ई-पीक पाहणी गेल्या दोन हंगामाची झालेलीच नाही, तात्यांकडे साधा फोन आहे. आणि विहीर आमच्या गटावर लागलेलीच नाही, ती शेजारच्या गटावर आहे, आजोबांच्या चुलतभावाच्या नावाने. पाळी तोंडीच चालत आली आहे बहुतेक.

जुना_कारकून

मग वाटपाचा अर्ज आत्ता टाकू नका. या हंगामाची पीकपाहणी तुम्ही तुमच्या फोनवरून करा, शेतात उभं राहून करावी लागते, एक रविवार काढा. विहिरीच्या पाळीचं त्या घराशी बोलून लेखी करा, तात्यांना पुढे करा, तुम्ही नको, त्यांचं जाणं-येणं असेल. जुन्या पीकपाहणीचे हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागून घ्या, त्यात १९८०-९० च्या दशकात ऊस लागला असेल तर बागायत म्हणून दुरुस्तीला आधार होतो. नकलेच्या अर्जावर गट नंबरबरोबर जुना सर्व्हे नंबर पण लिहा, नाहीतर सापडत नाही म्हणून परत पाठवतात.

कांदा_उत्पादक

रविवारी याल तर सकाळी लवकर या, दुपारी आमच्याकडं ते ॲप चालतच नाही, सर्व्हर डाऊन